वटवाघळांची बाळंतिणीची गुहा: आत न जाता ती कशी जपायची

नवीन लोकांसाठी लिहितोय. तुमच्या माहितीत एखादी गुहा असेल, तिथे वर्षातल्या ठरावीक महिन्यांत ढिगाने वटवाघळं जमत असतील आणि तुम्हाला मनापासून वाटत असेल की यांच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे, तर हे तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, यातली जवळपास सगळी कामं गुहेच्या बाहेर बसून करायची आहेत. ज्यांना वटवाघळं आवडतात तेच "जरा बघून येऊ, बरी आहेत ना" म्हणत सारखे आत जातात, आणि पिल्लांच्या महिन्यांत तो त्रास मुद्दाम त्रास द्यायला आलेल्या माणसाइतकाच असतो. वटवाघळाला हेतू कळत नाही, त्याला उजेड कळतो, आवाज कळतो.

आधी हे समजून घ्या

गुहेत राहणाऱ्या बऱ्याच जातींत माद्या विणीच्या आधी एका जागी गोळा होतात. नर बहुतेक वेळा दुसरीकडे असतात किंवा बाजूला थोडेसे. ही झाली बाळंतिणींची वसाहत, नर्सरी कॉलनी म्हणा हवं तर. ही जागा उगाच निवडलेली नसते. छताला जिथे घुमटासारखा खोलगट भाग असतो तिथे गरम हवा अडकून राहते, त्यात शेकडो हजारो अंगं एकमेकांना चिकटून बसली की ऊब आणखी वाढते, आणि उघड्या अंगाच्या पिल्लाला ती ऊब लागतेच कारण त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. एवढ्या मोठ्या गुहेत तसा कोपरा एखादाच असतो. म्हणून "इथून उठली तर तिथे बसतील" हे म्हणणं चुकीचं आहे, तिथे बसतील पण तिथे थंड असेल, पिल्लं हळू वाढतील आणि काही मरतील.

बहुतेक जातींत वर्षाला एकच पिल्लू. काहींत दोन, काही जाती वर्षातून दोनदा वितात, पण एकूण हिशोब असाच. उंदराएवढा जीव म्हणून उंदरासारखा वाढत असेल असं लोकांना वाटतं, तसं अजिबात नाही. सायबेरियात ब्रँटच्या वटवाघळाचा एक नर ४१ वर्षांनी परत सापडला होता, वजन एखाद्या नाण्याइतकं. जगतात खूप, वितात कमी, त्यामुळे एका मोसमातली पिल्लं गेली की ती भर निघायला वर्षं लागतात. जन्मलेल्या पिल्लाचं वजन आईच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतं, यावरून त्या आईने काय कमावून ते पोसलंय याचा अंदाज करा.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगतो. मी यात नवीन होतो तेव्हा आम्ही तिघं एका गुहेत गेलो होतो, डोक्याला टॉर्च, "दोनच मिनिटं" असं ठरवून. छतावर एक काळपट डाग दिसला, आधी वाटलं ओल असेल, मग तो डाग वाऱ्यावर कापड हलावं तसा एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत हलला आणि एकदम सुटला. दोन मिनिटं पण झाली नसतील. माझ्या बुटाशेजारी विष्ठेच्या थरावर एक पिल्लू पडलं, बोटाच्या पेराएवढं, गुलाबी, डोळे मिटलेले, तोंड उघडतंय मिटतंय उघडतंय मिटतंय आणि मला काहीच ऐकू येत नाहीये, कारण ते ज्या पट्टीत हाका मारत होतं ती आपल्या कानाच्या वरची. त्या थरात किडे असतात, ते लगेच त्याच्याकडे निघाले होते. आई वरती कुठेतरी असेल, एवढ्या गोंधळात ती खाली उतरून त्याला उचलणार नव्हती. आम्ही बाहेर आलो. त्यानंतर मी पिल्लांच्या महिन्यांत कुठल्याही गुहेत पाऊल टाकलेलं नाही.

अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ब्रॅकन गुहेत दीड कोटीच्या वर मुक्तपुच्छ (शेपटीचं टोक मोकळं असलेली) वटवाघळं असतात, जगातली सगळ्यात मोठी वसाहत, आणि तिथे एकेका चौरस फुटात ४००-५०० पिल्लं चिकटून असतात. त्या गर्दीतसुद्धा आया आपलंच पिल्लू हुडकतात, १९८४ साली छापलेल्या एका अभ्यासात ८३ टक्के वेळा आईने स्वतःचंच पिल्लू पाजलं असं दिसलं, वासाने आणि आवाजाने. हे सगळं नाजूक गणित शांततेवर चालतं. शांतता मोडली की चुकतं.

पहिलं काम: ही बाळंतिणींचीच गुहा आहे का, ते बाहेरून ओळखा

आत न जाता कसं कळणार, असं सगळे विचारतात. कळतं. संध्याकाळी तोंडाशी बसा (कसं बसायचं ते पुढे सांगतो) आणि रात्री थोडं जास्त थांबा. दूध पाजणाऱ्या माद्या एकदा बाहेर पडल्या की सकाळपर्यंत बाहेर राहत नाहीत, रात्रीत मधेच परत येतात पाजायला. म्हणजे बाहेर पडायचा मोठा लोंढा ओसरला आणि तासा दोन तासांत आत येणाऱ्यांचा दुसरा ओघ सुरू झाला, आणि हे रोज होतंय, तर आत पिल्लं आहेत असं धरून चाला. दुसरी खूण, काही आठवड्यांनी तोंडाशी अडखळत, गिरक्या घेत उडणारी वटवाघळं दिसायला लागतात, ती नवीन उडायला शिकलेली. तिसरी, संध्याकाळचा आकडा अचानक वाढतो, कारण आता पिल्लंही मोजली जातायत.

काही जातींत पिल्लू आईच्या अंगावर दिसतंही. नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असलेली जी वटवाघळं असतात त्यांच्या माद्यांना पोटाच्या खाली, मांड्यांजवळ दोन खोटी स्तनाग्रं असतात, दूध येत नाही त्यातून, पिल्लू फक्त तोंडात धरून लटकतं, आईच्या उलट दिशेला डोकं करून. लांबून दुर्बिणीने किंवा इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बाहेर पडणारी मादी पाहिली आणि तिचं पोट विचित्र फुगीर वाटलं तर ते हे असू शकतं.

शंका असेल तर आहे असंच माना. चुकलात तरी नुकसान नाही.

दुसरं: तारखा काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. समशीतोष्ण भागात माद्या वसंतात जमतात आणि उन्हाळ्यात वितात, उष्ण भागात बऱ्याच जाती पावसाळ्याच्या तोंडाशी वितात म्हणजे किड्यांची चंगळ आणि दूध पाजणं एकाच वेळी येतं, आणि फळं खाणाऱ्या काही जाती वर्षातून दोनदा. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या गुहेचं कॅलेंडर उचलून चालत नाही, तुमच्या गुहेचं तुम्हालाच बनवावं लागतं आणि त्याला एक पूर्ण वर्ष जातं. छोट्या किडेखाऊ जातींची पिल्लं साधारण ३ ते ६ आठवड्यांत उडायला लागतात, मोठ्या फळखाऊ जातींना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. बंदीचा काळ धरताना माद्या जमायला लागल्यापासून ते पिल्लं नीट उडायला लागेपर्यंत धरा आणि दोन्ही बाजूंना २-३ आठवडे जादा ठेवा, कारण पाऊस आणि थंडी यांच्यामुळे दरवर्षी पुढेमागे होतं.

असं खरंच करता येतं का? येतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधली कार्टश्नर गुहा १९७४ साली दोघा तरुणांना सापडली, त्यांनी ती कितीतरी वर्षं गुपित ठेवली, १९९९ मध्ये ती पर्यटकांना उघडली, आणि आजही तिथलं सगळ्यात मोठं दालन १५ एप्रिल ते १५ ऑक्टोबर बंद असतं, कारण तिथे माद्या पिल्लं घेऊन असतात. तिकीट लावून चालणारी जागा सहा महिने एक दालन बंद ठेवते आणि तरीही चालते. कुणी "पर्यटन बुडेल" म्हणालं की मी हेच सांगतो.

तिसरं: बाहेर बसून मोजायला शिका

यावर जरा सविस्तर लिहितो कारण हेच तुमचं मुख्य काम असणार आहे, आणि आकडे असल्याशिवाय तुमचं कुणी ऐकणार नाही.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. काही जाती उजेड असतानाच निघतात, काही पूर्ण अंधार पडल्यावर. तोंडाच्या समोर कधीच बसू नका, बाजूला, त्यांच्या उडण्याच्या वाटेच्या बाहेर, आणि असं बसा की वटवाघळं तुम्हाला आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतील, खडकाच्या नाही. तुमची स्वतःची आकृती मात्र आकाशावर उठून दिसता कामा नये, मागे झाड किंवा दगड असू द्या. दोघं जण हवेत, हातात मोजायचं क्लिकर, एक जण बाहेर जाणारी मोजेल, दुसरा आत येणारी. दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. बाहेर वजा आत. खूपच मोठी वसाहत असेल तर दर पाच मिनिटांतलं एकच मिनिट मोजा आणि मग गुणा, किंवा इन्फ्रारेड लाइट लावून व्हिडिओ घ्या आणि घरी हळू करून मोजा. शेवटचं वटवाघूळ गेल्यावर दहा मिनिटं तरी थांबा.

कपड्यांकडे लक्ष द्या, हे फार कमी लोक सांगतात. किल्ल्यांचा जुडगा, नायलॉनचं जॅकेट, वेल्क्रो, प्लास्टिकची पिशवी, यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो, २० किलोहर्ट्झच्या वरचा, आणि वटवाघळांचे कान तिथेच जागे असतात. बॅट डिटेक्टर (हे न ऐकू येणारे आवाज आपल्याला ऐकवणारं यंत्र) असेल तर त्याच्यासमोर किल्ल्या हलवून बघा, केवढा खडखडाट होतो ते. साधे सुती कपडे घाला, किल्ल्या गाडीतच ठेवा... आणि मोबाइलचा स्क्रीन झाकून ठेवा. सिगरेट नाही, अत्तर नाही, कुत्रं बरोबर नाही. ड्रोन तर विसराच.

मोसमात दोनदा मोजलं तरी पुरे, एकदा पिल्लं व्हायच्या आधी आणि एकदा ती उडायला लागल्यावर. प्रत्येक वेळी दोन सलग संध्याकाळी. जोराचा पाऊस, वारा असेल तर नका मोजू, आकडा चुकतो. मोजताना वटवाघळं तोंडाशी येऊन परत आत फिरायला लागली तर समजा की तुम्ही किंवा तुमची जागा त्यांना नडतेय, हळूच मागे सरका आणि दुसऱ्या दिवशी जागा बदला.

चौथं: कोण येतं, का येतं ते बघा

प्रत्येक गुहेचा त्रास वेगळा असतो. कुठे ट्रेकर ग्रुप येतात, कुठे फोटो आणि रील काढायला पोरं, कुठे खत म्हणून विष्ठा उकरायला येतात, कुठे जवळ खाण आहे आणि सुरुंग लागतात, कुठे कुणीतरी तोंडाशी शेकोटी करतं आणि धूर सगळा आत जातो. शेकोटी सगळ्यात वाईट, माझ्या मते, कारण एका रात्रीत सगळं संपू शकतं. उजेडाचं म्हणाल तर वटवाघळांच्या वसाहतीत पर्यटक नेल्याने काय होतं यावर अ‍ॅरिझोनात अभ्यास झालाय, २००२ मध्ये छापला गेला, त्यात आलेल्या गटाचा उजेड हाच सगळ्यात जास्त नडतो असं निघालं. लाल मंद उजेड पांढऱ्यापेक्षा कमी त्रासदायक, पण कमी म्हणजे शून्य नाही, लाल टॉर्च म्हणजे आत जायचा परवाना नव्हे.

विष्ठा काढणाऱ्यांशी भांडू नका. त्यांचं पोट त्यावर असू शकतं, आणि वटवाघळं टिकली तरच त्यांचाही धंदा टिकतो हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजतं. पिल्लांचे महिने सोडून, वटवाघळं बाहेर गेल्यावर, कमी लोक, कमी वेळ, मशीन नाही, एवढ्यावर बोलणी होऊ शकते.

पाचवं: लोकांशी बोला, पण लोकेशन कुठेही टाकू नका

जमिनीचा मालक, वन खातं किंवा तुमच्याकडे जे कुणी वन्यजीवांचं बघतं ते, गुराखी, वाटाडे, शाळेतली मुलं. या क्रमाने नाही, जो आधी भेटेल त्याच्याशी. "बंदी" या शब्दाने सुरुवात केली की माणूस बिथरतो, "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत आत बाळंतिणी आहेत" असं सांगितलं की त्याच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. वाटाड्यांना दुसरं काहीतरी द्या, संध्याकाळी बाहेरून वटवाघळांचा लोंढा दाखवणं हे आत नेण्यापेक्षा कितीतरी भारी दिसतं, आणि त्यासाठी पैसे द्यायलाही लोक तयार असतात.

फोटोतलं जीपीएस काढून टाका. गुहेचं नाव, वाट, ओळखू येईल असा डोंगर, काही नको. पाटी लावायची असेल तर रस्त्यावर नको, ती जाहिरात होते, तोंडाच्या आत चार पावलांवर लावा म्हणजे जो आत शिरतोय त्यालाच दिसेल. पाटीवर तारखा, कारण एका ओळीत, आणि कुणाला फोन करायचा ते.

एक उदाहरण लक्षात ठेवा, कोलारचं पर्णनासिक (नाकावर पानासारखी कातडी असलेलं) वटवाघूळ. जगात फक्त कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळी गावाजवळ सापडतं, संख्या जेमतेम दोनशेच्या आसपास, आणि तिथे ग्रॅनाइटची खाण होती. अशा जातीला एक गुहा म्हणजे सगळं जग.

दार लावायचं का?

नवीन लोक सगळ्यात आधी हेच विचारतात आणि मी सगळ्यात शेवटी हे सांगतो. दार हा शेवटचा उपाय, आणि चुकीचं दार माणसांपेक्षा वाईट. जाळी, पत्रा, उभे गज, हे काहीच चालत नाही. गज आडवे हवेत, दोन गजांमधलं अंतर साधारण १५ सेंटीमीटर, रुंदीला भरपूर मोकळं, आणि हवेचा प्रवाह जराही अडता कामा नये कारण तो अडला की आतलं तापमान बदलतं आणि मग कुणीच न शिरताही गुहा निकामी होते. अरुंद जागेत दार लावलं की वटवाघळांचा वेग कमी होतो आणि साप, घुबडं तिथेच दबा धरून बसतात.

काही जाती दार मानतच नाहीत. लांब टोकदार पंखांची, वेगाने उडणारी, उदाहरणार्थ मुक्तपुच्छ किंवा युरोपातली श्रायबरची वटवाघळं, अशांना दारापेक्षा लांबून घातलेलं कुंपण बरं. हजारोंनी एकदम बाहेर पडणाऱ्या बाळंतिणींच्या वसाहतीला पूर्ण दार बहुतेक वेळा नकोच, अर्धं दार किंवा कुंपण. करायचंच असेल तर आधी प्लास्टिकचे पाइप आडवे बांधून खोटं दार करा आणि संध्याकाळी बघा, सरळ निघतात की तोंडाशी गिरक्या घालत राहतात. गिरक्या घातल्या तर त्याच रात्री काढा. आणि खरं काम वटवाघळं नसतानाच करायचं, जाणकार माणूस आणि लेखी परवानगी दोन्ही घेऊन.

संरक्षणाने फरक पडतो. अमेरिकेतलं करडं वटवाघूळ जवळपास वर्षभर गुहांमध्येच राहतं, १९७६ साली ते धोक्यात असलेलं म्हणून जाहीर झालं, वटवाघळांचे अभ्यासक मर्लिन टटल यांनी १९७९ मध्ये गुहांतली माणसांची ये-जा हे त्याच्या घसरणीचं मोठं कारण म्हणून मांडलं, आणि महत्त्वाच्या गुहा जपल्यावर संख्या परत वाढली.

तुमची आणि त्यांची तब्येत

उघड्या हाताने वटवाघळाला हात लावायचा नाही, पिल्लालाही नाही, मेलेल्यालाही नाही. चावलं किंवा ओरखडलं, कितीही बारीक असो, तर १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा, वाट बघत बसू नका. सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाला होणारा बुरशीचा आजारही असतो, म्हणून ती उडवू नका. गुहेच्या बाहेर पिल्लू पडलेलं दिसलं तर जाड हातमोजे, खोकं, आत कापड, आणि वन्यजीव सोडवणाऱ्यांना फोन. पाणी दूध काही पाजू नका.

उलट बाजूही आहे, आपण त्यांना आजार देतो. व्हाइट नोज सिंड्रोम नावाचा बुरशीचा रोग अमेरिकेत पहिल्यांदा २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या गुहेत दिसला आणि त्यानंतर तिथली लाखो वटवाघळं गेली, ती बुरशी कपड्यांवरून आणि बुटांवरूनही फिरू शकते. एका गुहेतला दोर, बूट, हेल्मेट दुसऱ्या गुहेत न्यायचं नाही, आणि धुवायचं तर जे सामान गरम पाणी सोसतं ते किमान ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटं पूर्ण बुडवून.

मोसम संपल्यावर

शेवटच्या मोजणीनंतर महिनाभर थांबा, दोन संध्याकाळी तोंडाशी बसून खात्री करा की आता कुणी ये-जा करत नाही, म्हणजे वसाहत दुसरीकडे गेलीय आणि थंडीत तिथेच झोपायला राहिलेली नाही. मग दोघांनी, परवानगी काढून, एकदाच आत जा. छतावर जिथे ती बसायची तिथे दगडावर तपकिरी तेलकट डाग असतो, त्याची लांबी रुंदी मोजा. खाली नव्या विष्ठेचा थर कुठून कुठपर्यंत आहे ते कागदावर काढा, पिल्लांचे सांगाडे दिसले तर मोजा. बाटल्या, मेणबत्तीचं मेण, जळकी लाकडं असतील तर गोळा करून बाहेर आणा. तापमान नोंदवणारं छोटं यंत्र असेल तर त्या घुमटाजवळ अडकवून ठेवा, पुढच्या मोसमातलं सगळं ते लिहून ठेवेल आणि तुम्हाला ते काढायला परत याच दिवसांत यायचंय.